पोटखराब

रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी आठच्या सुमाराला आम्ही अमेरिकेत लास व्हेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनमध्ये शिरलो तेव्हा आभाळ स्वच्छ निळं होतं, रस्ता केव्हाच वाळला होता आणि समोरचे तांबडे कडे उन्हात आले होते. मला तरी कुठे पावसाची खूण दिसेना. भाचा गाडीतून उतरला, एका कड्याच्या पायथ्याशी जाऊन उकिडवा बसला आणि बोटांनी वाळू उकरू लागला. चार बोटं खाली गेल्यावर वाळूचा रंग बदलला. त्यानं ती मुठीत दाबली. मूठ उघडली तर गोळा तसाच राहिला.

"ओलें आसा," तो म्हणाला.

त्याच्याबरोबर दोघं आली होती, एक मेक्सिकोची मुलगी आणि एक फिलिपिन्सचा मुलगा. तिघंही एकाच हॉटेलच्या किचनमध्ये कामाला, आणि तिघांची सुट्टी एका दिवशी यायला महिना गेलेला. डिकीत दोर, पट्टे, चढायचे बूट, हेल्मेट असं सगळं आणलेलं. त्या दोघांनीही वाळू हातात घेऊन पाहिली. कोणी फार बोललं नाही. डिकी बंद झाली. आज नुसतं चालायचं असं ठरलं.

इथला दगड म्हणजे शेवटी दाबून घट्ट झालेली वाळू. पाणी आत मुरलं की कण धरून ठेवणारा सांधा सैल होतो आणि दगडाची बरीच ताकद जाते. वरून तो दोन तासांत वाळलेला दिसतो, आत मात्र ओल राहते. अशा वेळी कपारीत बोटं घालून अंगाचा भार टाकला तर कपारच सुटून हातात येते. माणूस पडतो हे एक. आणि जिला धरून वर्षानुवर्षं माणसं वर गेली ती कपार कायमची जाते, हे दुसरं. म्हणून चढणारी माणसं पावसानंतर एक ते तीन दिवस या दगडाला हात लावत नाहीत. त्या ठिकाणी त्यांना अडवायला कोणी उभं नव्हतं. आमच्या शेजारी आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या, त्यांतूनही दोर घेऊन माणसं उतरली, त्यांनीही वाळू उकरली आणि दोर परत ठेवून तीही चालायला लागली.

मी त्या वाळूच्या गोळ्याकडे बघत राहिले. आमच्या गावचा दगड वर्षातले चार महिने ओला असतो. तो ओला आहे म्हणून कोणी थांबल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मी डिचोली तालुक्यातली. घरात कोंकणी आणि कागदावर मराठी, अशी आमच्याकडची रीत. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं तेही मराठीतूनच. आमच्या घरामागची चढण चढून गेलं की सडा लागतो. तांबडा-काळा कातळ, नजर जाईल तिथवर सपाट, मधूनच एखादं खुरटं झुडूप. मुरगाव बंदराच्या वरच्या वस्तीचं नावच सडा आहे, म्हणजे तिथेही कधीकाळी असाच उघडा कातळ असणार. एप्रिल-मेमध्ये त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. पावसाळ्यात तोच कातळ इतका बदलतो की पाहुण्याला दाखवला तर तीच जागा म्हणून तो विश्वास ठेवणार नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

माझे बाबा चिऱ्यांच्या खणीवर कामाला होते. बाकी महाराष्ट्र ज्याला जांभा म्हणतो त्याला आम्ही चिरा म्हणतो. वरचा टणक थर फोडून बाजूला टाकायचा आणि खालचा दगड, जमिनीच्या ओलीनं नरम असतो तेव्हाच, कापून घ्यायचा. बाहेर काढल्यावर ऊन-वारा लागून तो घट्ट होत जातो. बाबांच्या तरुणपणी हे सगळं हातानं चालायचं. संध्याकाळी घरी आल्यावर ते न्हाणीत बसायचे आणि त्यांच्या अंगावरून वाहणारं पाणी मोरीपर्यंत तांबडं जायचं. पुढे यंत्रं आली, दातेरी चाक कातळात शिरायचं त्याचा आवाज शाळेपर्यंत ऐकू यायचा. बाबा कापलेल्या चिऱ्यावर दुसऱ्या दगडानं टकटक करायचे आणि आवाजावरून सांगायचे की हा भिंतीला चालेल, हा पायाला, आणि हा फुटणार.

ते गेल्यावर जमिनीचे कागद माझ्याकडे आले. गोव्यात ज्याला आम्ही एक-चौदाचा उतारा म्हणतो, त्यावर जमीन कशाखाली आहे याचे रकाने असतात. भात, खाजन, केर, मोरड, बागायत. आणि कडेला एक रकाना पोटखराबीचा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. सड्यावरचा आमचा तुकडा त्या रकान्यात होता. शब्द काही वाईट हेतूनं घातलेला नाही. पीक किती आणि सारा किती, एवढंच ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याच्या दृष्टीनं तो बरोबरच आहे. तरी मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते. पोट खराब.

बहिणीचा हा मुलगा पणजीत हॉटेलचं शिकला, सात वर्षं बोटीवर होता, आमच्याकडे ज्याला तारवटी म्हणतात तसा, आणि तिथून कसाकसा लास व्हेगासला जाऊन स्थिरावला. त्याच्या आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून तिच्या वाटचं कोकम, कुळीथ आणि काळजी घेऊन मार्चमध्ये मी गेले. त्या शहरातल्या दिव्यांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. शहराच्या पश्चिमेला चार्ल्स्टन बुलेव्हार्ड नावाचा रस्ता सरळ डोंगराच्या दिशेनं जातो. दोन्ही बाजूंना मातकट रंगाची घरं, पुन्हा घरं, आणि मग एका ठिकाणी ती थांबतात. आमच्याकडे गाव जसा हळूहळू विरळ होत शेतात मिसळतो, तसं नाही. रेघ मारल्यासारखी थांबतात. रेघेपलीकडे मोहावीचं वाळवंट, आणि त्याच्या टोकाला तांबडी भिंत.

ही रेघ कायद्याची आहे. १९९० साली अमेरिकेच्या काँग्रेसनं हा प्रदेश राष्ट्रीय संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर केला. क्षेत्रफळ १,९५,००० एकरांच्या वर, म्हणजे आपल्या गोव्याचा पाचवा भाग भरेल एवढं. बघायला वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं येतात. आतून १३ मैलांचा, म्हणजे सुमारे २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता वळसा घालून बाहेर पडतो, आणि ऑक्टोबर ते मे या गर्दीच्या महिन्यांत आत शिरायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. भाच्यानं ती तीन आठवडे आधीच घेऊन ठेवली होती. माणसं चालतात, सायकली चालवतात, कड्यांवर चढतात. मजेसाठीच येतात सगळी, पण वाट सोडून चालणारं त्या दिवशी मला फार कोणी दिसलं नाही.

पहिल्या वळणावर गाडी थांबवून मी उतरले आणि दगडाला तळहात लावला. लाल रंग ओळखीचा होता. तो लोखंडाचा रंग आहे, इथेही आणि आमच्या सड्यावरही. दगडातलं लोह गंजून आलेला. पण दोघांची जन्मकथा अगदी उलटी आहे. आमचा कातळ पावसानं केला. लाखो वर्षं धो धो पाऊस मुरत राहिला, त्यानं मूळ खडकातलं विरघळण्यासारखं सगळं धुवून नेलं आणि न विरघळणारं लोह-ॲल्युमिनियम मागे उरलं, तोच चिरा. इथला दगड वाऱ्यानं केला. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. वारा टेकड्या सरकवत राहिला, त्या एकमेकींवर चढल्या, गाडल्या गेल्या आणि दगड झाल्या. कड्यावर आजही तिरप्या रेघांचे थर दिसतात. त्या वेळचा वारा कुठून कुठे वाहत होता ते त्या रेघांवरून सांगता येतं. लास व्हेगासला वर्षभरात जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस पडतो, गोव्यात साधारण ३०० सेंटिमीटर. एवढ्या अंतरावरची दोन माणसं एकाच रंगाचं लुगडं नेसून समोरासमोर यावीत, तसं काहीसं मला वाटलं.

आणखी एक गोष्ट भाच्यानं दाखवली ती मी विसरणार नाही. तांबड्या दगडाच्या डोक्यावर, अगदी वर, राखाडी दगडाचा थर बसलेला दिसतो. तो चुनखडीचा, त्या वाळवंटाहूनही कितीतरी जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला. जुनं खाली आणि नवं वर, असं शाळेत आम्ही मुलांना शिकवतो. इथे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या कवचाला एवढा रेटा बसला की जुना थर तुटून नव्याच्या अंगावर सरकत आला. कीस्टोन थ्रस्ट म्हणतात त्याला. आजी नातवाच्या खांद्यावर बसल्यासारखी. साधारण त्याच काळात आमच्या सह्याद्रीत लाव्ह्याचे थरावर थर पसरत होते, हे आठवून मला उगाच बरं वाटलं. घरून कोणी सोबत आलंय असं.

पुढे सँडस्टोन क्वॉरी नावाचा थांबा आहे. क्वॉरी म्हणजे खण. नाव ऐकूनच मी सावध झाले. वाटेच्या सुरुवातीलाच कापलेल्या दगडांचे प्रचंड ठोकळे पडलेत, माझ्याहून उंच. १९०५ ते १९१२ या काळात इथून इमारतींसाठी दगड काढत असत. खर्च परवडेना म्हणून काम बंद पडलं आणि ठोकळे जिथे होते तिथेच राहिले. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण कापलेल्या कडा अजून सरळ आहेत. दगडाला फार काही झालेलं नाही.

मी त्या ठोकळ्यापाशी बराच वेळ थांबले. वाटेतला एक लहान खडा उचलला आणि ठोकळ्यावर हलकेच वाजवून पाहिला. आवाज चिऱ्यापेक्षा भरीव आला. बाबांनी काय सांगितलं असतं ते मला कळलं नाही, पण त्यांनी तो नक्की वाजवून बघितला असता. खडा होता तिथे परत ठेवला. आमच्याकडच्या सोडून दिलेल्या खणी आठवल्या, उभ्या भिंतींचे चौकोनी खड्डे, कुंपण नाही. पावसात त्या काठोकाठ भरतात, पाणी हिरवंगार आणि शांत दिसतं, पोरं पोहायला उतरतात. दर काही वर्षांनी बातमी येते. बाबा आम्हाला सड्यावर जायला कधी अडवत नसत, खणीकडे मात्र बोट करून एवढंच म्हणायचे की तिथे नाही.

मी दगड काढण्याच्या विरोधात बोलायचं कुठल्या तोंडानं? माझं घर चिऱ्याचं, माझी शाळा चिऱ्याची. हरवळ्याची गुंफा त्याच दगडात कोरलेली. ज्या कातळाच्या पैशांनी माझी पुस्तकं आली त्याला हात लावू नका, असं मला म्हणायचंच नाही. किती काढायचा, कुठून काढायचा आणि काढून झाल्यावर खड्ड्याचं काय करायचं, हे कोणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच.

क्वॉरीपासून कॅलिको टँक्सची वाट निघते, जाऊन येऊन चारेक किलोमीटर. दगडातूनच पायऱ्या पायऱ्यांनी चढत जाते. एका ठिकाणी वाट वळते आणि सरळ गेलं तर अंतर वाचेल असं वाटतं. मी वाट सोडून पाऊल उचललं तोच मागून भाचा ओरडला, "मावशे, पाय खंय दवरता तें पळय!"

मी पाय कुठे ठेवत होते ते खाली वाकून पाहिलं. माती. पण नीट बघितल्यावर तिच्यावर एक काळपट, खडबडीत पापुद्रा दिसला, जळक्या भाकरीच्या पोपड्यासारखा. तो जिवंत आहे. सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून मातीचे कण विणून धरलेले असतात. वारा त्यामुळे माती उडवून नेऊ शकत नाही, पावसाचे चार थेंब पडले तर ते मुरतात, झुडपांना खाद्य मिळतं. एका पावलानं तो मोडतो आणि पुन्हा धरायला कितीतरी वर्षं लागतात, काही ठिकाणी दशकं. भाचा हे सगळं मला समजावून सांगत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. हाच मुलगा लहानपणी आमच्या सड्यावर क्रिकेट खेळायला जायचा. तिथल्या मातीवर काय आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, त्याची मावशी आणि शिक्षिका असून.

वाटेच्या शेवटी दगडात एक मोठं नैसर्गिक कुंड आहे. रात्रीच्या पावसानं त्यात पाणी होतं, कडे त्यात उलटे दिसत होते. मेक्सिकोची मुलगी म्हणाली की याला स्पॅनिशमध्ये तिनाहा म्हणतात, म्हणजे पाण्याचा मोठा मातीचा घडा. मी तिला सांगितलं की पाण्यानं दगडात कोरलेल्या अशा खोलगटांना आमच्या मराठीत रांजणखळगे म्हणतात. भाच्यानं तिला रांजण म्हणजे काय ते समजावलं. ती इतकी खूश झाली की खाली उतरेपर्यंत 'रांजन, रांजन' म्हणत होती. जगाच्या दोन टोकांना दगडातलं पाणी पाहून माणसांना भांडंच आठवावं, याचा मला फार आनंद झाला.

त्या कुंडापाशी बसून डबा खाताना मला आमच्या सड्याचं पोट आठवलं. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी काही वाहून जातं, काही कातळाच्या भोकाभोकांतून खाली झिरपतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. त्या झऱ्यांवर आमची कुळागरं उभी आहेत. सुपारी, केळी, मिरीचे वेल, पाटानं खेळवलेलं पाणी. पाहुण्यांना आम्ही कुळागर दाखवतो, थंडगार सावलीत बसवतो. सड्यावर कोणी नेत नाही. जिथून हे सगळं पाणी येतं ती जागा कागदावर पोटखराब. आमच्या वरच्या वाड्याचा झरा पूर्वी मे महिन्यातही चालू असायचा, आता मार्चमध्ये बारीक होतो. का, ते वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. वर जाऊन बघितलं की दिसतं.

खाली कॅलिको बेसिनमध्ये असाच एक झरा आहे, रेड स्प्रिंग. त्याच्या ओलीवर वाळवंटात हिरवं कुरण वाढलंय. माणसांच्या पायांनी ते तुडवलं जाऊ नये म्हणून त्यावरून लाकडी फळ्यांची वाट बांधली आहे. कुरणाला पाय न लावता कुरणाच्या मधोमध जाता येतं. एक आजोबा चाकाच्या खुर्चीतून त्या वाटेवर फिरत होते. एवढी साधी युक्ती, आणि तिनं कुरण वाचतं आणि ज्याला चालता येत नाही त्यालाही ते बघता येतं.

माहिती केंद्रात वाळवंटी कासवं ठेवली आहेत. मोहावीतली ही कासवं १९९० पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. आयुष्याचा बहुतेक काळ ती बिळात काढतात. पाऊस पडला की पोटभर पाणी पितात आणि मूत्राशयात साठवून महिनोन्‌महिने त्यावर काढतात. कोणी प्रेमानं उचलून घेतलं तर घाबरून ते पाणी टाकतात, आणि पुढच्या पावसापर्यंत त्यांच्याकडे काहीच राहत नाही. फोटोसाठी दोन मिनिटं हातात घेतलेलं कासव तहानेनं मरू शकतं. हे वाचल्यावर माझ्या मनात आमच्या इथे हौसेनं उचललेल्या कितीतरी गोष्टी येऊन गेल्या.

तिथल्या शाळांमध्ये एक स्पर्धा असते. मोहावी मॅक्स नावाचं एक कासव हिवाळ्यानंतर बिळाबाहेर कधी येईल, याचा मुलांनी अंदाज करायचा. महिना, दिवस, तास, मिनिट सगळं. त्यासाठी मुलं थंडी-ऊन बघतात, मागची वर्षं बघतात, कासव कशावरून बाहेर येतं ते शिकतात. एकतीस वर्षं मी निसर्गाचा धडा फळ्यावर शिकवला. चित्र काढून, नावं देऊन, रिकाम्या जागा भरून. ही कल्पना मला का सुचली नाही, याचं त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं.

वाटेत जंगली गाढवं दिसली. जुन्या खाणवाल्यांनी सोडून दिलेल्यांची ही प्रजा, १९७१ च्या कायद्यानं संरक्षित. त्यांना खायला घालायला बंदी आहे, कारण घातलं की ती रस्त्यावर येतात.

विलो स्प्रिंगपाशी दगडावर हात आहेत. तांबड्या रंगात बुडवून उठवलेले माणसाचे तळहात, उन्हापावसातून टिकलेले. जवळच जमिनीवर एक गोल उंचवटा दिसतो. ती अगेव्ह, म्हणजे घायपाताच्या जातीचं झाड, भाजायची जुनी भट्टी, चुनखडीचे दगड पुन्हा पुन्हा तापून पांढरे पडलेले. म्हणजे ज्याला आम्ही वाळवंट म्हणतो तिथे माणसं वसतीला होती, शिजवत होती, मुलांचे हात धरून भिंतीवर ठेवत होती. हा सदर्न पायूट लोकांचा प्रदेश. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तो त्यांच्याकडून घेतला, आणि पुढे कधीतरी तो 'रिकामा' म्हणून नकाशावर आला. या कातळाला जपणारं जे सरकारी खातं आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, तेच खातं दुसरीकडे खाणींना आणि चराईला जमीन देतं. हद्दीला लागून जिप्समची खाण असलेली टेकडी आहे. तिच्यावर हजारो घरं बांधायचा बेत वर्षानुवर्षं चालला आणि लोक वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध उभे राहिले. तेव्हा ही रेघ कोणा चांगल्या माणसानं एकदा ओढली आणि काम झालं, असं नाही. ती रोज कोणीतरी धरून ठेवतं.

त्या हातांसमोर उभी असताना मला पणसायमळ आठवलं. गोव्यातच, सांगे तालुक्यात रिवणजवळ, उसगाळीमळला, कुशावतीच्या काठी सपाट जांभ्यावर माणसांनी चित्रं कोरली आहेत. बैल, हरणं, एकात एक गुंतत जाणारं गोल चक्र. १९९३ मध्ये अभ्यासक तिथे पोचले. २०२२ मध्ये कोकणातल्या इतर कातळशिल्पांसोबत ते युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. मी तिथे एकदाच गेलेय, शाळेच्या सहलीत, दुपारच्या घाईत, आणि मुलांना मोजून गाडीत बसवण्यात माझा सगळा वेळ गेला होता. लास व्हेगासला येऊन मी त्या हातांसमोर अर्धा तास उभी राहिले.

परत आले त्याला आता वर्ष होईल. भाच्याच्या आईनं मला विचारलं, काय बघितलंस, तर मी तिला ओल्या वाळूचा गोळा सांगितला. तिला ते आधी कळलं नाही. मग ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांना कळलं असतं." तिचं खरं आहे. ओला दगड म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

आमच्या शाळेसमोरून एकेकाळी खनिजाचे ट्रक जायचे. एका वर्षी पहिलीतल्या मुलांना झाड रंगवायला दिलं तर तिघा-चौघांनी पानं तांबडी रंगवली. मी चूक म्हणून खूण करणार होते, तेवढ्यात खिडकीतून बाहेर बघितलं. पानं तांबडीच होती. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पानं हिरवी झाली, आणि ज्यांच्या घरी कर्जाचा ट्रक दारात उभा होता त्या मुलांचे डबे पातळ झाले. हे दोन्ही मी त्याच वर्गात, त्याच खिडकीपाशी पाहिलं. म्हणून मला या विषयावर पटकन बोलता येत नाही.

पण जूनमध्ये मी शाळेत गेले. निवृत्त झाले तरी तिथल्या बाई मला येऊ देतात. चौथीच्या मुलांना विचारलं, सड्यावर सीतेची आसवं पहिल्यांदा कुठल्या दिवशी दिसतील? निम्म्यांना ते फूल माहीत नव्हतं. जांभळं, नखाएवढं, पाण्याच्या पातळ थरात उभं. कातळावरच्या दोन बोटं मातीत खायला काही नसतं, म्हणून ते मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले किडे धरतं. हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. प्रत्येकानं चिठ्ठीवर तारीख लिहिली, चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात गेल्या. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी कोणी ना कोणी सड्यावर जाऊन बघून यायचं. एकजण घरी आला आणि म्हणाला, अजून नाहीत बाई, पण पांढरी गोल बटणं आलीत. ते गेंद. दुसरीला लाल केसांवर चिकट थेंब असलेलं झाड सापडलं, ते दवबिंदू. एका मुलाच्या आजोबांनी चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधतात तिच्यासाठी कवंडळं, कांगलां आणि घागऱ्यो कुठे मिळतात ते त्याला सड्याच्या उतारावर नेऊन दाखवलं. इतकी वर्षं तो त्या माटोळीखाली आरतीला उभा राहायचा.

चवथ झाल्यावर आम्ही सगळी वर गेलो. अकरा मुलं, त्यांच्या बाई आणि मी. पाऊस नुकता उघडला होता. कातळावर जिथे जिथे खोलगट, तिथे तिथे पाणी, आणि पाण्यात आभाळ. आसवं अशी पसरली होती की लांबून सड्यावर जांभळी सावली पडल्यासारखी वाटावी. मधे गेंदाचे पांढरे ठिपके, कडेला पिवळा कवला. मुलं धावत चढली होती, वर पोचताच एकदम थांबली. सगळ्यांत पुढे असलेला मुलगा एका पायावर उभा, दुसरा पाय हवेत. मान वळवून माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, "बाई, पाय खंय दवरूं?"

मी खाली वाकले. त्याच्यापासून दोन हातांवर कातळाचा एक काळा उंचवटा होता. त्यावर पाणी नव्हतं, फूल नव्हतं.

"तिथे," म्हटलं.